मिस्टर जोहार मायबाप

“हातात नको. पायरीवर ठेव,” पोस्टमास्तर म्हणाले.

मी पाकीट पायरीवर ठेवलं. त्यांनी ते रुळाने आत ओढलं, त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि मग पत्ता वाचला. लढाईनंतर जगातल्या राष्ट्रांनी मिळून एक सभा काढली होती. माणसामाणसांत भेद होऊ नये म्हणून तिने समिती नेमली होती. पत्र त्या समितीला होतं.

“थेट जगालाच कागद?” पोस्टमास्तर हसले. “पाटलांनी तुझं काय घोडं मारलंय रे?”

घोडं मारलं नव्हतं. विट्याच्या बाजूचं आमचं गाव, पाण्याला आधीच महाग. आम्हा महारांनी विहिरीला हात लावायचा नाही. कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. आई तापात पाणी पाणी करत होती, तेव्हा बायको घागर घेऊन विहिरीपाशी बसली होती. त्या दिवशी कुणाला सवड झाली नाही. दुपारी ती रिकामी घागर घेऊन परतली. आई गेली होती.

मी पलटणीतून आलेला. ब्रह्मदेशाच्या रानात एक गोरा कप्तान माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला होता. तो पुढे मेला, पण गोळीने. तिथेच शिकलेल्या इंग्रजीत मी अर्ज लिहायला बसलो.

“आदी जोहार घाल,” माझे वडील, आबा म्हणाले. “मोटी मान्सं हायती.”

जोहार मायबाप. दाराबाहेर वाकून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घातलेला नमस्कार. त्याला इंग्रजी सापडेना. म्हाताऱ्याचं मन राखायला मी तेच दोन शब्द इंग्रजी अक्षरांत कागदाच्या माथ्यावर लिहिले. खाली सही केली, कुणालाच न वाचता येणारी.

सात-आठ महिन्यांनी उत्तर आलं. पोस्टमास्तरांनी ते पायरीवर टाकलं.

“मिस्टर जोहार मायबाप. तूच का रे तो?”

कट्ट्यावरची माणसं पोट धरून हसली. समतेच्या कचेरीने आमची लाचारीच माझं नाव समजून लिहिली होती. वर मिस्टर लावून. कागद जाड, टाइप सुरेख. पत्र मिळालं. नोंद घेतली. तक्रारीवर काही करण्याचा समितीला अधिकार नाही.

“काय म्हनत्यात?” आबांनी विचारलं.

“कागद पोचला म्हनत्यात.”

“आन् हिरीचं?”

“त्ये त्येंच्या हातात न्हाई, आबा.”

आबांनी कागद हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “त्येंच्या वर कोन हाय? त्येला लिव.”

बायको गेलेला तो माणूस अजून वाकायला आणखी मोठं दार शोधत होता. मला राग आला नाही. मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि घडी घातली.

“वर कोनी न्हाई,” मी म्हणालो. “आन् आता जोहार कुनालाच न्हाई. उद्या पानी मी काढनार.”

“मारत्याल रं.”

“मारू द्यात.”

सकाळी दोर घेऊन निघालो. बायको घागर घेऊन मागे आली. विहिरीवर चौघे बसले होते. एकजण उठला.

“कुनाला इचारलंस रं?”

“कुनालाच न्हाई,” म्हणालो, आणि दोर सोडला.