गुरुवारी डेअरीत कोण वाचत होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याला सगळं सांगतो त्या धाकट्या भावालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर याही वेळी काहीतरी दुसरंच बोलून उठलो असतो.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर गुन्हा कळायचा नाही. पुण्याची एक कंपनी आहे, गावोगावच्या डेअऱ्यांना दूध थंड ठेवायचे बल्क कूलर विकते. तिच्या बीडच्या ऑफिसात मी बसतो. काही वर्षांपूर्वी कंपनीनं विकायची पद्धत बदलली. दिसेल त्या डेअरीत शिरायचं बंद. आधी जिल्ह्यातल्या निवडक डेअऱ्यांची यादी करायची, प्रत्येकीला ‘अकाउंट’ म्हणायचं आणि तेवढ्यांवरच नजर ठेवायची. नजर कशी? तर कॉम्प्युटरवरून. कुठल्या डेअरीच्या इंटरनेटवरून आपली वेबसाइट उघडली, कुठलं पान किती वेळ वाचलं, हे दर सोमवारी माझ्यासमोर यायचं. याला म्हणायचं इंटेंट डेटा — घेणाऱ्याच्या मनात काय चाललंय त्याचा माग. वाचन वाढलं की त्या नावापुढे लाल खूण. लाल म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे, आता फक्त जाऊन सही आणायची.

या खुणांचा अर्थ मी लावायचो. आणि चांगला लावतो, असं पुणं म्हणायचं. पन्नाशीला टेकलेल्या, ऑफिसात कुणी फारसं न विचारणाऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं की काय होतं — सांगायला हवं का?

गावात जायचा तो ज्ञानोबा, आमचा फिरतीचा सेल्समन. पाटोद्याकडच्या मेंढपाळ घरातला. त्या घरात पगाराची नोकरी लागलेला तो पहिलाच. शिक्षण बेताचं. मशीनमधलं काही अडलं तर मला विचारायला तो लाजायचा, हे मला ठाऊक होतं. मग तो शिकत कुठून होता? दोन महिने हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

लिंबागणेशच्या पुढे एका गावात मोठी डेअरी आहे. आमच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर. तिच्यापुढे लाल खूण लागली आणि हटेचना. कॉम्प्रेसरचं पान, लाइट गेल्यावर दूध किती तास टिकतं ते पान, देखभालीचं पान — एकेका पानावर वीस-वीस मिनिटं. एवढं मन लावून कोण वाचेल? ज्याला घ्यायचंय तोच ना? मी पुण्याला लिहून पाठवलं, डेअरीचा निर्णय जवळ आला आहे.

ज्ञानोबा दर गुरुवारी तिथं जायचा आणि हात हलवत परत यायचा. अध्यक्ष राजकारणातले, ते येईपर्यंत दोन-तीन तास बाकावर बसावं लागायचं. डेअरीतल्या लोकांनी त्याचं नावच ‘कूलर’ पाडलं होतं. आला रे कूलर, ठेवा त्याला सावलीत — असं म्हणतात, हे तोच हसत हसत सांगायचा. आणि पुढे दर वेळी तेच. त्यांना घ्यायचं नाही. नवी इमारत उभी राहिल्याशिवाय मशीनचं नाव काढू नका, असं अध्यक्षांनी तोंडावर सांगितलंय. मी त्याला लाल खूण दाखवायचो. ती कशी लागते ते मात्र कधी सांगितलं नाही — सांगितलं असतं तर तिचा धाक कुठला राहिला असता? म्हणायचो, तुला माणसं ओळखता येत नाहीत, ज्ञानोबा. हे शब्द माझे.

तीन महिन्यांचा हिशोब द्यायचा दिवस आला. पुण्याचे साहेब व्हिडिओवर येणार होते. विषय एकच, हे तयार अकाउंट हातातून निसटतंय कसं. त्या सकाळी मी ज्ञानोबाची फिरतीची डायरी कॉम्प्युटरशेजारी उघडून ठेवली. फेऱ्या कमी भरल्या तर सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं — हो, त्यासाठीच उघडली होती. फेऱ्या कमी नव्हत्या. पण स्क्रीनवरचं सगळं वाचन गुरुवारचं होतं. एकूण एक. ज्या गुरुवारी तो भाचीच्या लग्नाला गेला होता, त्या गुरुवारी डेअरीनं आमचं एक पानसुद्धा उघडलं नव्हतं.

मी व्हरांड्यात आलो. तो तिथं उभा राहून शर्ट नीट खोचत होता. सहज विचारल्यासारखं विचारलं, अध्यक्षांची वाट बघत एवढा वेळ करतोस तरी काय?

“आपलीच वेबसाइट वाचत बसतो, सर,” तो म्हणाला. “घरी रेंज न्हाई. त्यांचं वायफाय हाय. कॉम्प्रेसरचं लई अवघड लिवलंय, तीनदा वाचलं तवा कुठं कळलं.”

म्हणजे डेअरीत कुणाच्या मनात काही नव्हतंच. आमचाच माणूस बाकावर बसून आमचंच मशीन शिकत होता. कॉम्प्युटरला ती डेअरी वाटली. आणि मी त्याची मेहनत दोन महिने गिऱ्हाइकाची इच्छा म्हणून पुण्याला कळवत होतो.

साहेब स्क्रीनवर आले. ज्ञानोबानं होतं ते सांगितलं, इमारत उभी राहीपर्यंत अध्यक्षांना घ्यायचं नाही. साहेबांनी मला विचारलं, डेअरीला खरंच घ्यायचं होतं का, खात्री आहे का. खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. ज्ञानोबा माझ्या शेजारी बसला होता.

“शंभर टक्के, सर,” मी म्हणालो. “डेटा स्पष्ट आहे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं — तो गोंधळला होता. मग मान खाली घालून म्हणाला, “मंग मलाच कळलं नसंल.”

महिनाअखेरीला त्याला काढलं. पुढच्या सोमवारपासून लाल खूण गेली. मी लिहिलं, ‘अकाउंट थंडावलं.’ कुणी काही विचारलं नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या खुणांचं कामही नंतर माझ्याकडे आलं. मी ते घेतलं.

गेल्या वर्षी पाटोद्याच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली म्हणून गाडी थांबवली. मागून ज्ञानोबा आला. भावाचा कळप, आता तोही सांभाळतो. त्यानंच हात जोडले, घरच्यांची चौकशी केली. पशुखाद्याच्या एका कंपनीनं नोकरीला बोलावलं होतं, तो गेला नाही. “तुमी म्हनलते ते खरं हाय, सर. मला मानसाच्या मनातलं वळकत न्हाई. मेंढरं बरी.” मग त्यानं विचारलं, त्या डेअरीनं शेवटी कूलर कुणाचा घेतला?

आणि मी काय बोललो? म्हणालो, दुसऱ्या एका कंपनीचा घेतला.

त्यानं मान हलवली. “म्हंजी घ्यायचाच व्हता.”

मेंढरं पलीकडे गेली. मी गाडी काढली.

त्या डेअरीनं आजपर्यंत कुणाचाही कूलर घेतलेला नाही. इमारतीचे नुसते खांब उभे आहेत. ज्ञानोबानं अध्यक्षांना पहिल्या गुरुवारीच बरोबर ओळखलं होतं. हे एवढं मला त्याला सांगायचं आहे, त्याच्यासमोर उभं राहून. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. अजून सांगितलेलं नाही.