बऱ्या पायावरची पट्टी

"मावशी, एखादी जुनी साडी नाही का घरात?"

वस्तीत दवाखान्याची गाडी पाठवणाऱ्या संस्थेचे सर माझ्या आईला विचारत होते. विहाराच्या अंगणात, सगळ्या वस्तीसमोर. आईने निळी साडी नेसली होती, माझ्या बारावीच्या निकालाला घेतलेली. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे माणूस चांगलं नेसतो. आईला एवढंच माहीत होतं.

"हायेत नं," आई म्हणाली. "पन पावने येऊन राहिले नं सायेब, म्हून हे नेसली."

सर हसले. "अहो, इथे गरज आहे असं त्यांना वाटायला पाहिजे ना!"

शेजारची कांताकाकू मागून म्हणाली, "बाप्पा! मंग आमी चिंध्या गुंडाळून येतो नं!"

बाया हसल्या. आई हसली नाही. घरी गेली आणि निंदणाला जायची साडी नेसून आली.

मी बघत राहिले. मी अमरावतीला बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. म्हणून त्या दिवशी देणगीदारांचे आभार मानायचं काम माझ्याकडे होतं.

एक आधीच सांगते, नाहीतर मला बेइमान म्हणाल. आईला शुगर आहे. वावरात कापूस वेचून झाल्यावर उरलेलं पऱ्हाटीचं खुट तिच्या पायात रुतलं आणि जखम चिघळली. गावातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्राला बहुतेक कुलूपच असतं. शहरातल्या दवाखान्यात म्हणाले, पायाचं बोट कापावं लागेल, उशीर झाला तर पायही. त्याच सुमारास देणगीच्या पैशातून संस्थेची गाडी वस्तीत यायला लागली. गाडीतल्या सिस्टर दर आठवड्याला जखम धुवायच्या, पट्टी बदलायच्या, गोळ्या द्यायच्या. बोटासकट पाय वाचला. आपल्याला बीपी आहे हे वस्तीतल्या कितीतरी बायांना त्या गाडीमुळेच कळलं. हे खरं आहे. मी ते कधीच नाकारणार नाही.

पण त्या दिवशी सरांनी आईचा पाय पाहिला. स्वच्छ, भरून आलेला. सिस्टरला म्हणाले, "यांना पट्टी बांधा."

"सर, जखम भरली आहे."

"माहीत आहे मला. कार्यक्रमापुरती बांधा."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकल्या.

"आई, काहून बांधू देऊन राहिली वं?" मी हळूच विचारलं.

"राहू दे. याइच्याच दवाईनं पाय वाचला. गाडी बंद झाली त मले कोन पाहीन?"

मी भाषणाचा कागद उघडून पाठ करायला लागले.

पाहुणे आले. आई सगळ्यांच्या पुढे, खुर्चीवर. पट्टीचा पाय स्टुलावर. एक मॅडम वाकून म्हणाल्या, "अरेरे." कोणीतरी फोटो काढला. सरांनी माइक माझ्या हातात दिला. "बोल, लाजू नकोस."

पाठ केलेलं पहिलं वाक्य बोलले. दुसरं तोंडातून निघेना. समोर आई होती, मान खाली घालून. चोरी करताना सापडल्यासारखी. काय केलं होतं तिने? बरी झाली होती. एवढंच.

मी माइक खाली ठेवला. आईच्या पायाशी बसले. पट्टी सोडायला लागले.

"काय करून राहिली वं पोरी!" आईने पाय ओढला. मी धरून ठेवला. गाठ घट्ट होती, सुटेना. तेव्हा शेजारून एक हात पुढे आला. सिस्टरचा. हातात कात्री होती.

"हा पाय बरा झाला आहे," मी म्हणाले. माइक नव्हता, आवाज फाटला. "तुमच्या पैशाने, सिस्टरच्या हाताने. आणि आईने रोज जपला म्हणून. बघायचा तर असा बघा."

मॅडमनी विचारलं, "मग पट्टी कशाला होती?"

सर मोबाइल बघत होते.

नंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "चार बुकं शिकलीस म्हणून उडतेस. गाडी बंद झाली तर वस्तीला काय सांगशील?"

"झालं ते सांगीन."

आई त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. जेवलीही नाही.

गाडी अजून येते. पुढच्या वर्षी येईल का, कोणी सांगत नाही. आईची भीती खोटी नाही. तिच्या गोळ्या तिथूनच येतात. म्हणून येत्या ग्रामसभेत मी उभी राहणार आहे. उपकेंद्राचं कुलूप काढा. नर्स द्या. शुगरच्या गोळ्या तिथे ठेवा. हे मागायला आम्हाला फाटकं नेसावं लागणार नाही. कांताकाकू येतो म्हणाली आहे. बाकीच्या बायांचं माहीत नाही. कोणी आलं नाही तरी मी बोलणार.

देणगी आली तर औषध घेऊ. सिस्टरचे उपकार मी जन्मभर मानीन. पण बरं झाल्याची लाज आता आमच्या घरात कोणी बाळगणार नाही.

पाहुणे पुन्हा येतील. तेव्हा आई निळी साडी नेसेल आणि स्वतःच्या पायांनी चालत येईल. तिला घरी परत पाठवायचं असेल, तर आधी माझ्याशी बोलावं लागेल.