गुलाबी रणगाडा

मी सव्वीस वर्षं आर्मर्ड रेजिमेंटमध्ये होतो. रिसालदार म्हणून बाहेर पडलो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पण मुलाच्या नोकरीमुळे आम्ही नेरूळला आलो आणि इथलेच झालो. सध्याचं पोस्टिंग कुठलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, बाल्कनी.

बाल्कनीत एक टेबल आहे. सकाळी सहा ते सात फिरणं, आठला नाश्ता, नऊ वाजता मी टेबलावर. प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडतो आणि रंगवतो. खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे, म्हणजे साधारण वीतभर लांब. जोडणं सोपं असतं. खरं काम रंगाचं.

लोकांना वाटतं, रणगाडा हिरवा असतो. हिरवे किती प्रकारचे असतात हे त्यांना ठाऊक नसतं. पंजाबातल्या गाडीचा हिरवा वेगळा, वाळवंटातल्या गाडीवरच्या पट्ट्यांचा हिरवा वेगळा, आणि दोन उन्हाळे काढलेल्या गाडीचा तिसराच. शिवाय खऱ्या गाडीच्या डब्यातला रंग आणून मॉडेलला लावला, तर मॉडेल काळपट दिसतं. वस्तू लहान झाली की रंग उजळावा लागतो. हे शिकायला मला एक अख्खा रणगाडा वाया घालवावा लागला.

गेल्या वर्षापर्यंत माझे अकरा रणगाडे झाले होते. सगळे नियमाप्रमाणे रंगवलेले. रेजिमेंटमधला एक जुना सहकारी बघून म्हणाला, "साहेब, सगळे आहेत. आपला टू-टू कुठे आहे?"

मी म्हणालो, "करायचा आहे."

टू-टू हा माझ्या स्वतःच्या गाडीचा रेडिओवरचा नंबर. तो मी टाळत होतो.

जानेवारीत एक फोन आला. मुलीचा आवाज होता. "मी नाझिया. उलव्याला राहते. माझे बाबा तुमच्या गाडीचे ड्रायव्हर होते. लान्स दफादार इक्बाल."

मी उभाच होतो. खुर्ची ओढून बसलो.

"बोल बेटा."

"काका, रेजिमेंटमधल्या एकांकडून कळलं, तुम्ही टँक बनवता. मला एक विचारायचं होतं. फोनवर नको. येऊ का?"

ती रविवारी अकरा वाजता आली. चोविसेक वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. उलव्यात एका क्लिनिकमध्ये काम करते. कपाळ आणि भुवया थेट बापाच्या. माझ्या बायकोने, सुनंदाने, पोहे पुढे ठेवले. नाझियाने आधी बॅगेतून एका पत्राची झेरॉक्स काढली.

"बाबांचं शेवटचं पत्र. अम्मीकडे असतं. मधली ओळ वाचा."

अक्षर मी ओळखलं. गाडीच्या लॉगबुकात रोज बघितलेलं. लिहिलं होतं, 'रुकैया, आमच्या टँकला मी गुलाबी रंग दिलाय. मेजर साहेबांना टँक दिसलाच नाय. हसू नको, खरं हाय.'

नाझिया म्हणाली, "घरात सगळे म्हणतात, अम्मीला हसवायला लिहिलं असेल. मामू तर अजून चिडवतात, गुलाबी टँक म्हणून. मी नेटवर शोधलं, आपल्याकडे कुठेच तसला फोटो नाही. काका, मला बाबांचा आवाजपण आठवत नाही. मी आठ महिन्यांची होते. ही एक ओळ तरी खरी आहे का?"

"खरी आहे," मी म्हणालो. "मी त्या गाडीचा कमांडर होतो."

मग मी तिला ती हकीकत सांगितली. तीच इथे लिहितो.

त्या हिवाळ्यात आमची रेजिमेंट राजस्थानात, वाळवंटात तैनात होती. मी तेव्हा नायब रिसालदार होतो. आमचा रणगाडा तीन माणसांचा. कमांडर मी, एक गनर, आणि ड्रायव्हर इक्बाल. तो श्रीवर्धनकडचा, खाडीकाठच्या गावातला. वय सत्तावीस. गाडी इतकी हळुवार चालवायचा, की मी वर चहाचा मग घेऊन उभा राहू शकायचो.

आम्ही उत्तरेकडून आलो होतो, त्यामुळे गाड्या गडद हिरव्या. पिवळ्या वाळूवर त्या कोळशासारख्या दिसत. वाळूचा रंग मागवला होता, पण सगळ्या स्क्वाड्रनला, म्हणजे आमच्या तुकडीला, मिळून दोनच डबे आले. स्टोअरमध्ये भरपूर होता तो दोनच प्रकारचा रंग. दगडांना फासायचा पांढरा, आणि गंज लागू नये म्हणून लावतात तो तांबडा रेड ऑक्साइड.

इक्बाल म्हणाला, "साहेब, माझा मामा होड्या रंगवतो. मला द्या ते डबे."

"काय करणार?"

"दुपारी चार वाजता वाळूकडे बघा. पिवळी नाय हाय ती. गुलाबी हाय."

मी बघितलं. रोज बघत होतो, पण रंग बघितला नव्हता. ऊन उतरलं की वाळू खरंच गुलाबीकडे झुकायची.

त्याने पांढऱ्यात थोडा तांबडा टाकला, आमच्या वाट्याचा वाळूचा रंग टाकला, डिझेलने पातळ केला, वर चाळलेली वाळू मिसळली. केरसुणीने अख्खी गाडी रंगवली. स्क्वाड्रन हसून हसून लोळायची बाकी होती. कुणी म्हणे नवरी आली, कुणी म्हणे वरात कधी निघणार. इक्बाल केरसुणी धूत शांतपणे म्हणाला, "हसा. चार वाजू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी सराव होता. आमची पोझिशन टेकाडाच्या उतारावर. मेजर साहेब समोरच्या उंचवट्यावर, आठशे मीटरवर. रेडिओ वाजला.

"टू-टू, लोकेशन बताओ. ओव्हर."

"आपके सामने, सर. ओव्हर."

"सामने कुछ नहीं है. ओव्हर."

"सर, मैं हाथ हिला रहा हूँ. ओव्हर."

मग, "टू-टू, हाथ दिखा. गाडी नहीं दिखी. ये रंग किसने बनाया? ओव्हर."

इंटरकॉमवर खालून इक्बालचं हसणं ऐकू आलं. त्याच रात्री त्याने ते पत्र लिहिलं असणार.

मेजर साहेबांनी हुकूम दिला, सगळ्या गाड्या या रंगाच्या करा. ते व्हायचं होतं. मध्ये चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. स्क्वाड्रन खेजडीच्या झाडांत उभी होती. डावीकडे आमचे रणगाडे, पोटात गोळे भरलेले. उजवीकडे दारूगोळ्याचे ट्रक. मागे लंगर, तिथे जेवणाची रांग लागलेली. समोर मोकळा उतार. आमच्या गाडीच्या पुढ्यात डिझेलचा टँकर येऊन थांबला होता. तोफेची नळी सकाळी साफ करून आम्ही मागे वळवून ठेवली होती. इक्बाल त्याच्या सीटवर, डोकं बाहेर. मी आणि गनर खाली, चाकांवरचा लोखंडी ट्रॅक तपासत होतो.

टँकरच्या पंपाजवळ भडका उडाला. पंपावरचा जवान हात झटकत बाजूला पडला. आम्ही आग विझवायचे दोन सिलिंडर मारले, पण आग केबिनमध्ये शिरली. टँकर आता चालवता येणार नव्हता, आणि तो जिथे होता तिथे फुटला असता तर डावी-उजवीकडचं सगळं पेटलं असतं.

इक्बाल ओरडला, "साहेब, बाजूला व्हा!"

मी हुकूम दिला नव्हता. हे मला स्पष्ट सांगायचं आहे. मी विचार करत होतो, तोवर त्याने इंजिन चालू केलं होतं. हॅच, म्हणजे त्याच्या डोक्यावरचं झाकण, बंद झालं. गाडी पुढे सरकली, नाक टँकरला लागलं, आणि त्याने टँकर ढकलायला सुरुवात केली. धक्का नाही, हिसका नाही. चहा सांडू नये तशी चालवली. उताराने खाली, खाली, जवळजवळ दोनशे पावलं. मी बाजूने धावत होतो, हातांनी थांबायची खूण करत होतो. त्याला ती दिसली की नाही, ठाऊक नाही.

तळाच्या खोलगटात टँकर कलंडला आणि फुटला. पेटतं डिझेल आमच्या गाडीवर आलं. त्याने रिव्हर्स टाकला, गाडी थोडी मागे आली आणि थांबली. हॅच उघडलं. तो स्वतः बाहेर आला, स्वतः उतरला, आठ-दहा पावलं चालला. मी आणि गनरने त्याला वाळूत लोळवला. माझे हात तेव्हा भाजले.

तो म्हणाला, "साहेब, इंजिन बंद करायचं राहिलं."

आम्ही त्याला उचलून वर आणला. थोड्या वेळाने गाडीतले गोळे फुटले. तोवर सगळे लांब गेले होते.

इक्बाल तिसऱ्या दिवशी लष्करी इस्पितळात वारला. मी त्याच इस्पितळात होतो, पण दुसऱ्या वॉर्डात. दोन्ही हात बांधलेले. त्याला गावी न्यायला दुसरे लोक गेले. मला बरं व्हायला तीन महिने लागले. नंतर मी रुकैयाभाभींना एक पत्र लिहिलं, चार ओळींचं. श्रीवर्धनला जायचं राहून गेलं, असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मी गेलो नाही. त्यांनी विचारलं असतं, तुम्ही कुठे होता, तर काय सांगायचं ते मला कळत नव्हतं.

नाझियाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तो टँक बनवाल? त्याच रंगाचा?"

जळालेल्या गाडीवर रंग उरत नाही. बाकीच्या गाड्यांना आठवड्याने नियमाचा रंग आला. म्हणजे तो गुलाबी आता फक्त काही डोक्यांत शिल्लक होता. मी गनरला आणि स्क्वाड्रनमधल्या आणखी दोघांना फोन केला. गनर म्हणाला, विटेसारखा होता. दुसरा म्हणाला, छे, गव्हाळ. तिसऱ्याला फक्त केरसुणी आठवत होती.

मी प्लास्टिकचे चमचे आणले. रंगाची चाचणी चमच्यावर घेतात, त्याला रणगाड्यासारखी गोलाई असते. पांढरा, तांबडा, वाळूचा. प्रत्येक चमच्यामागे प्रमाण लिहिलं. पंधरा दिवसांत बाल्कनीत चौतीस चमचे झाले. एक मिठाईसारखा, एक पायाच्या मलमासारखा. एकही वाळूसारखा नाही.

सुनंदा कपडे वाळत घालायला आली. म्हणाली, "अहो, तुम्ही गुलाबी-गुलाबी म्हणताय, म्हणून गुलाबी होतंय. मला सांगा, कसा होता."

"अबोलीच्या फुलासारखा. पण मळलेला."

"मग यात अबोली जास्त झालीय. बदामी घाला. आणि उन्हाने विटलेली साडी असते ना, तसं पांढरं वरून द्या, आतून नको."

मला फौजेतल्या कोर्समध्ये कुणी एवढं नेमकं शिकवलं नव्हतं. मी बदामी घातला. वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा फिरवला. चार वाजता चमचा बाल्कनीच्या कठड्यावर धरला. सुनंदाने विचारलं, "हाच?" मी मान हलवली. तिने चमच्यामागचं प्रमाण मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे चूक नको.

पुढचे तीन आठवडे फार सुखाचे गेले. ब्रशचे फटकारे मुद्दाम केरसुणीसारखे ठेवले. खाली पायाशी हिरवा थोडा दिसू दिला, कारण तिथे इक्बालचा हात पोचला नव्हता. तोफ मागे वळवली. ड्रायव्हरचं हॅच उघडं ठेवलं. आत माणूस केला नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मी आणि सुनंदा उलव्याला गेलो. नवी इमारत, सातवा मजला. रुकैयाभाभींनी दार उघडलं. पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर पदर, चष्मा. मी म्हणालो, "भाभी, मला यायला उशीर झाला."

त्या म्हणाल्या, "आलात ना. आत या, भाई."

खोका उघडला. त्यांनी रणगाडा हातात घेतला नाही. वाकून चारी बाजूंनी बघितला, मग चष्मा काढून पुन्हा बघितला.

"म्हणजे खरंच गुलाबी होता."

"हो."

"मी त्यांना उत्तर लिहिलं होतं. लिहिलं, थापा मारू नका. ते पत्र त्यांना मिळालं का?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं होतं, जा म्हणून?"

"नाही, भाभी. मी सांगण्याआधीच तो गेला होता."

त्यांनी रणगाड्याच्या उघड्या हॅचकडे बघितलं. मग एकदम हसल्या, डोळे पुसत हसल्या. "असेच होते. लग्नातपण काझी विचारायच्या आधी कबूल म्हणाले. सगळा मांडव हसला होता."

नाझियाने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. ती आईचा हात धरून म्हणाली, "अम्मी, अजून सांग." आणि त्या सांगत गेल्या. त्याने मामाची होडी चुकून शेजाऱ्याच्या रंगात रंगवली होती ते, आणि शेवटच्या सुट्टीत सहा महिन्यांच्या पोरीला स्टिअरिंग म्हणून ताट धरायला दिलं होतं ते. आम्ही तिथे जेवलो. निघायला पाच वाजले.

लान्स दफादार इक्बाल, ड्रायव्हर, टू-टू. त्या दुपारी लंगरच्या रांगेत आणि गाड्यांपाशी बाकीचे जेवढे होते, ते सगळे त्या हिवाळ्यानंतर सुट्टीवर घरी गेले. काही आता आजोबा आहेत. त्यांतला एक मी.