दुसरं वजन

अमळनेरच्या आमच्या तेलगिरणीत ट्रक तोलायच्या काट्यावर हिलालनाना बसायचे. सरकीचा ट्रक आधी भरलेला तोलायचा, माल उतरला की रिकामा. रिकामं वजन ट्रकच्या दारावर रंगवलेलं असायचंच, पण नाना ते मानत नसत. "रंगारी काय काटा शे का?" म्हणायचे. दुसरं वजन झाल्याशिवाय पावती फाडायची नाही म्हणजे नाही.

दिल्लीकडंही ते याच नजरेनं बघायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. गिरणी शेवटचे आचके देत होती. मी बॉयलरवर, घरात कमावता एकटाच. अशात रेडिओवर बातमी आली, आजारी कारखान्यांना आधार देणारं विधेयक लोकसभेत मंजूर! आम्ही काट्यावरच पेढे वाटले. नानांनी मात्र पेढा परत माझ्या हातावर ठेवला. "ऱ्हाऊ दे, भो. वरला घरमा दुसरं वजन बाकी शे."

"अहो, लोकांनी निवडून दिलेल्यांनी केलं ना मंजूर? मग मध्ये राज्यसभा कशाला?"

"दोनदा तोलं म्हंजे लबाडी निंघी जास. तोलू दे त्यास्ले."

असा संताप आला म्हणता! म्हातारा नक्की कोणाच्या बाजूनं आहे, तेच कळेना.

आणि सरकारला वरच्या सभागृहात बहुमतच नव्हतं. आज गोंधळ, उद्या तहकुबी. विधेयक तिथंच रुतलं. इकडं बँक म्हणे, कायदा होऊ द्या. मालक म्हणे, बँकेचं होऊ द्या. सरकीवाले कंटाळून दोंडाईच्याकडं वळले. एक ट्रक काट्यावर बंद पडला की मागची रांग सडकेपर्यंत जाते, तसंच झालं. पुढं ते सरकारही गडगडलं, लोकसभा बरखास्त झाली, आणि तिच्याबरोबर आमचं विधेयकही मेलं.

मी काट्यावर जाऊन भांडलोच. "पाडलं ना तुमच्या वरच्या घरानं सरकार?"

नानांनी पावतीपुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वरलं घर सरकार पाडत नही, भो. पाय धरी ठेवस. पडानं काम सरकार सोता करस."

गिरणीची यंत्रं भंगारात निघाली. भंगारवाल्याचा रिकामा ट्रक फाटकातून आत आला. ड्रायव्हर म्हणाला, "दारावर वजन लिहिलंय की, नाना. कशाला वेळ घालवता?"

"घ्या ना उरकून," मीही म्हणालो. मला तिथं उभं राहवत नव्हतं.

नानांनी ट्रक रिकामा तोलला. तासाभरानं तोच ट्रक माझ्या बॉयलरचे तुकडे घेऊन काट्यावर आला. तोही तोलला. पावती फाडली आणि हात वर करून ट्रक सोडला.

"देख, तोलाले दोन मिनिटं लागनात," ते म्हणाले. चष्मा काढून पुसत राहिले. मग माझ्याकडं न बघताच बोलले, "तू पेढा दिधा तवय मी नुसता काटा देखा, भो. वरला घरमा काटावर तोलाले कोन बठेल शे, ते देखंच नही."