मागच्या सीटवरचे हात

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी भूल देणारी डॉक्टर... माणसं बेशुद्ध होताना आणि शुद्धीवर येताना रोज बघते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आम्ही डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहतो. नवरा कौस्तुभ आयटीत आहे, आणि त्याला जुन्या विमानांचं वेड. इथून तासाभरावर डेक्लन नावाचे साठीचे एक गृहस्थ त्यांच्या शेतातल्या शेडमध्ये एक विमान दुरुस्त करतात – दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं, सैन्यातल्या नवशिक्या पायलटांना शिकवायचं. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी. दोघांपुढे विमान वर-खाली न्यायचा एकेक दांडा, आणि ते दोन्ही एकमेकांना जोडलेले; एकाने आवळून धरला की दुसऱ्याचाही हलत नाही. कौस्तुभ दर रविवारी तिथे मदतीला जायचा. गेल्या मार्चमध्ये मीही गेले.

दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन. विमानाला ना इंजिन, ना पंख. नुसता सांगाडा, लाकडी स्टँडवर ठेवलेला. आत बसू का, असं कौस्तुभने विचारलं. डेक्लन 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे खुशाल बसा, असं म्हणत चहाची किटली लावायला दाराकडे गेले. कौस्तुभ मागच्या सीटवर बसला. मी फोटोसाठी फोन वर धरला... आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हातांनी त्याने दांडा गच्च आवळला होता. सोड ना, मी म्हटलं.

"सुटत नाहीये," तो म्हणाला. "आपण खाली चाललोय."

मग पहिला फटका बसला.

पुढची सीट रिकामी होती. शपथेवर सांगते. लोखंड हाडावर आपटावं तसा आवाज आला आणि त्याच्या उजव्या हाताची कातडी माझ्या डोळ्यांदेखत फाटली. दुसरा फटका. तिसऱ्याला बोट मोडलेलं मी ऐकलं. फोन टाकून मी त्याची बोटं उचकटायला गेले, तर चौथा माझ्या मनगटावर... मी खाली कोसळले. पाचव्याला त्याचे हात सुटले. सगळं मिळून दहा-बारा सेकंद.

इमर्जन्सीत त्याची तीन बोटं आणि माझं मनगट फ्रॅक्चर निघालं. नर्सने आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत नेलं आणि घरी कोण कोणाला मारतं, ते हळूच विचारलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

संध्याकाळी डेक्लनचा फोन आला. ते आजवर कुणाला बोलले नव्हते म्हणे. एकदा त्या विमानात एक विद्यार्थी हवेत घाबरून दांड्याला चिकटून बसला. विमान नाक खाली करून सुटलं. शिक्षकाने स्वतःचा पट्टा सोडला, मागे वळून आग विझवायच्या नळकांड्याने त्याचे हात ठेचले, तेव्हा कुठे दांडा सुटला. दोघं वाचले.

कौस्तुभला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी दहादा विचारलंय.

मी संतापून कौस्तुभला म्हटलं, डेक्लनना सांग, जाळून टाका ते विमान. तो प्लास्टरमधले हात मांडीवर ठेवून बसला होता.

"अगं, त्याने मारलं नसतं तर आम्ही दोघंही मेलो असतो," तो म्हणाला.

वर्ष होत आलं. 'आम्ही दोघं' म्हणजे कोण, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.