रिपोर्ट तर नॉर्मल आहे

डोक्याला मार लागला की किस्से आपोआप जमत जातात. फक्त ते लक्षात राहत नाहीत, म्हणून मी लिहून ठेवायला लागले.

आम्ही चेन्नईत नवे होतो, मिस्ड कॉल देऊन पैसे वाचवायचे दिवस होते. शेअर ऑटोनं करकचून ब्रेक मारला आणि माझं कपाळ समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. डॉक्टर म्हणाले, "स्कॅन नॉर्मल आहे. पण मेंदू हादरलाय. उजेड, आवाज सोसणार नाही. विसराल, चिडाल. काही महिने जातील. घरच्यांना नीट समजावून सांगा."

मार परवडला, हे समजावणं नको झालं.

*

माझा नवरा अविनाश श्रीपेरुंबुदूरच्या एका कार कारखान्यात क्वालिटीला. डॉक्टरांच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य तेवढं त्यानं घरी आणलं आणि रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. मी ट्यूबलाइट बंद करायला सांगितली की तो रिपोर्ट पुढे करायचा.

"इन्स्पेक्शन पास आहे. आता तक्रार कशाची?"

*

आई सांगलीहून रोज फोन करायची.

"सतरा साते?"

"एकशे एकोणीस."

"मग बरी आहेस की!" आणि पुढे अर्धा तास मावशीच्या जावेची कहाणी.

*

गिंडीच्या माझ्या सॉफ्टवेअर ऑफिसात दहा मिनिटं स्क्रीन पाहिली की मला मळमळायचं. टीम लीडला सांगितलं. माणूस समजूतदार. म्हणाला, "डोक्याला पूर्ण आराम दे. तोवर फक्त टेस्टिंग कर."

हे मी टेस्टिंगवाल्यांना जाऊन सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

*

सासूबाई साताऱ्याहून मदतीला आल्या होत्या. मदत म्हणजे सकाळी सहाला मिक्सर. एकदा मी गॉगल लावून, कानात कापूस घालून जेवायला बसले.

"बोलायचं नसेल तर सरळ सांग ना," त्या म्हणाल्या.

मी ताट आपटलं आणि ढसाढसा रडले. अविनाश गंभीरपणे म्हणाला, "पूर्वी तू अशी नव्हतीस."

दोन महिने मी दुसरं काय सांगत होते?

*

मला खरी भीती वेगळीच होती. मी कायमची अशीच राहीन आणि घरात कुणाला ते पटणारही नाही.

एका रविवारी अविनाशच्या बॅगेत पिवळे टॅग सापडले. ज्या पार्टबद्दल शंका असेल त्याला कारखान्यात हा 'होल्ड' टॅग लावतात. मग साहेबसुद्धा त्याला हात लावत नाही. मी एक टॅग भरला. पार्ट: डोकं. दोष: वरून दिसत नाही. शेरा: घाई करू नये. तो गळ्यात अडकवून सोफ्यावर बसले.

अविनाशनं तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. टीव्ही बंद केला, ट्यूब बंद केली, मिक्सरची वायर काढून ठेवली.

"होल्ड किती दिवस?"

"माहीत नाही."

"चालेल," म्हणाला आणि कणीक मळायला गेला. मला हसू आलं आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. टॅग हातात घेऊन त्यांनी सावकाश वाचला. "दोष: वरून दिसत नाही." मग हळूच म्हणाल्या,

"त्याच्या बॅगेत अजून एक असेल का गं?"