रुसवा नव्हता, घसा होता

आमच्या शाळेत कुठलाही कार्यक्रम असला की प्रमुख पाहुणे उशिरा येतात, आणि ते येईपर्यंत लोकांना खुर्चीवर धरून ठेवायचं काम माझ्याकडे असतं. मी शिकवते भूगोल, पण नोकरीला लागल्यापासून स्वागतगीत मीच म्हणते. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली की शिपाई लांबूनच हात करतो आणि मी असेन त्या ओळीवर थांबते. त्यामुळे अख्ख्या नांदेडात माझं गाणं शेवटपर्यंत कुणी ऐकलेलं नाही. इतकी वर्षं गाण्याच्या बाईंकडे शिकले, पहाटे उठून शेजाऱ्यांचे शिव्याशाप घेत रियाज केला, आणि त्याचा उपयोग काय, तर पुढाऱ्यांच्या उशिराची सोय.

म्हणून लातूरच्या एका संगीत मंडळानं मला संध्याकाळची पूर्ण बैठक दिली तेव्हा मी हुरळून गेले. मंडळाचे सचिव म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी. हा वशिला आहे हे मला कळत होतं, पण स्वागतगीत तरी मी काय गुणवत्तेवर म्हणत होते? एकदा, फक्त एकदा, मला राग सुरू करून तो माझ्या मनानं संपवायचा होता.

आणि मग आडवं आलं हिमायतनगरचं लग्न. आमच्याकडे लग्नात डीजेची भिंत उभारतात आणि पाहुण्यांना बरोबर तिच्यासमोर बसवतात. तिथं पोरांच्या परीक्षेपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्या चौकश्या ओरडूनच कराव्या लागतात. वर जारचं बर्फासारखं पाणी. दोन दिवसांनी उठले तर घशातून आवाजच निघेना.

डॉक्टर म्हणाले, "बोलणं पूर्ण बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही. वाफ घ्या, कोमट पाणी प्या. कार्यक्रमापर्यंत एक शब्द बोललात तर माझ्याकडे रडत येऊ नका."

मी मान हलवली. त्यावर त्यांच्याच केबिनमध्ये कंपाउंडरनं डोकावून विचारलं, "ताई, बरं वाटून राहिलं का आता?" आपल्याकडे मौन पाळणाऱ्याचे हाल असे असतात.

माझ्या यजमानांना परीक्षेची ड्यूटी होती, ते संध्याकाळी परस्पर हॉलवर येणार होते. मी सकाळच्या एसटीनं एकटीच लातूरला निघाले. लोह्यापासून शेजारच्या मावशींनी गाव, माहेर, पगार अशा क्रमानं प्रश्न विचारले. मी गळ्याकडे बोट दाखवलं. चाकूर येईपर्यंत मला ऐकूही येत नाही असं ठरून मागच्या सीटवर माझ्या मंगळसूत्राच्या डिझाइनची चर्चा रंगली होती.

खरी गंमत पुढं. ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, दार उघडलं. मी हसून वाकून नमस्कार केला आणि गप्प उभी राहिले.

"ये की. बस कशी मिळाली?"

मी पुन्हा हसले.

"अगं, बोल की! काय झालं?"

मी मोबाइलवर लिहून पुढं धरलं: घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. ताईंचा चष्मा देवघरात होता. तो येईस्तोवर त्यांचा निष्कर्ष काढून झाला होता. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि पोरांनी गृहपाठ घरी विसरल्याचं सांगितल्यावर मी पाहते, तशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"घसा बसला तर खोकला कुठाय? अन् घसा बसल्यावर माणूस बारीक आवाजात बोलतंय. असं तोंड शिवून कुणी बसतंय का?"

आमच्या सासरी माणूस आजारानं कधी गप्प होत नाही. तापात फणफणलेला माणूससुद्धा तापाचं वर्णन करत असतो. गप्प बसणं म्हणजे रुसणं, आणि रुसणं म्हणजे मानपान. भावजय घरात आली आणि बोलत नाही, याला दुसरा अर्थ या खानदानात आजवर कुणी लावलेला नाही.

चहा झाला. ताई शेजारी येऊन बसल्या.

"वास्तुशांतीच्या साडीचं मनावर घेतलंस न्हाई का? सांग खरं."

मी जोरजोरानं मान हलवली. ती साडी मला आठवतही नव्हती.

"मग तुझ्या थोरल्या जावेनंच सांगितलं असणार. तुझी सेलमधली अन् तिची पैठणी, हे माझ्या न् तिच्याशिवाय कुणालाच ठाव न्हाई."

आता मात्र मला साडी आठवली. मी इतकं कौतुक करत ती शाळेत नेसले होते! तोंडाशी चांगला टोमणा आला होता, पण डॉक्टर आठवले आणि मी तो कोमट पाण्यासोबत गिळला. माझ्या गप्प राहण्यानं ताईंना आणखी घाम फुटला. मग डोहाळजेवणाला माझं नाव पत्रिकेत छापायचं कसं राहिलं, तेही त्यांनी सांगून टाकलं. मी एक शब्द न बोलता माझ्यावरचे सगळे अन्याय गोळा करत होते. शेवटी त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला खरंच वाईट वाटलं. दोन शब्दांचं तर काम होतं, "तसं नाही." पण ते बोलले असते तर ताईंनी तिसरा काढून घेतला असता, मग चौथा, आणि संध्याकाळी मंचावर स्वागतगीतसुद्धा जमलं नसतं. मी नुसता ताईंचा हात धरला.

तेवढ्यात भाऊजी तांब्या घेऊन आले. "वहिनी, हे घ्या. आडुळसा, ज्येष्ठमध, मिरे अन् एक जिन्नस आमच्या रेणापूरच्या शेतातला. तो कुणाला सांगत न्हाई मी. घसा असला तर सुटंल, अन्..." त्यांनी ताईंकडे पाहून वाक्य सोडून दिलं. वासावरून तो गुपित जिन्नस गोठ्याजवळ उगवत असावा. भाऊजींची पाठ वळताच मी तांब्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामा केला. खोलीत जाऊन दार लावलं, पुन्हा वाफ घेतली आणि संध्याकाळपर्यंत पडून राहिले. दार लावल्यामुळे रुसव्यावर शिक्कामोर्तब झालं.

हॉलवर सत्कार संपता संपेनात. अखेर मी यमन लावला. पहिला षड्ज भीत भीत, खालूनच घेतला. तो टिकला. निषाद आला, मग गंधार, आणि हळूहळू गळा असा मोकळा झाला की माझाच मला विश्वास बसेना. दाराकडे दोनदा नजर गेली. हात करायला कुणी शिपाई नव्हता. मला कुणी थांबवणार नाही हे कळलं तेव्हा डोळे भरून आले. मी मनासारखं गायले आणि माझं मीच संपवलं. असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

डोळे उघडले तर समोर पहिल्या रांगेत ताई, चेहरा लालबुंद. टाळ्या थांबायच्या आत त्या उभ्या राहिल्या.

"एवढा खणखणीत आवाज हाय की! भरल्या सभेत गायला गळा हाय, अन् माझ्या घरात दोन शब्द बोलायला न्हाई?"

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. शेवटच्या रांगेत उभे असलेले माझे यजमान बूट शोधायचं नाटक करत खाली वाकले. खरं सांगायची सोय नव्हती. मौनानं आणि वाफेनं गळा सुटला म्हणावं, तर दिवसभर बोलता येत होतं हेच ताई धरून बसणार. माझ्या दिवसभराच्या वागण्याला एकच चमत्कार वाचवू शकत होता, आणि तो हातात शाल घेऊन शेजारीच उभा होता.

"ताई," मी माइकवर म्हणाले, "भाऊजींच्या काढ्यानं सुटला हो गळा. आत्ता, इथं येता येता."

ताईंचा चेहरा उजळला. रुसवा नव्हता, घसाच होता, हे सिद्ध झालं. भाऊजींनी माझ्यासाठी आणलेली शाल मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांच्याच खांद्यावर घातली. मग भाऊजींनी माइक घेतला आणि काढ्याची कृती सांगितली, गुपित जिन्नस वगळून. लोकांनी मोबाइल काढून ती रेकॉर्ड केली. माझ्या यमनाच्या वेळी एकाचाही मोबाइल बाहेर आला नव्हता.

आता नांदेडात मला फोन येतात ते काढ्यासाठी. ताई तर एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे बाटली भरून पाठवतात. परवा त्यांचा फोन आला. कढीपत्ता यंदा काय तरारलाय म्हणून सांगत होत्या. मी धीर करून विचारलंच, "ताई, त्या दिवशी माझं गाणं कसं झालं होतं हो?"

"गाणं?" त्या म्हणाल्या. "चांगलंच होणार की गं. काढा पोटात गेल्यावर कुणीबी गातंय."